हळदकुंकू लागलेली सीडी

परळला एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली सहा बाय आठचं दुकान आहे. पाटीवर ‘मराठी टायपिंग, झेरॉक्स, लॅमिनेशन’ एवढं नीट रंगवलेलं. त्याखाली, जागा उरली नव्हती म्हणून बारीक अक्षरांत, नंतर कधीतरी घातलेली ओळ : ‘न उघडणाऱ्या फायली उघडून मिळतील.’

मी गिरगावातला. चाळीस वर्षं प्रूफं तपासली. परळला जायचं मला एरवी काही कारण नव्हतं. पण काही वर्षांपूर्वी आमच्या संस्थेच्या स्मरणिकेची फाईल अडकली, एकशेदहा पानांची, आणि कुणीतरी म्हणालं, त्या बाईंकडे जा. त्या बाई म्हणजे नम्रता. तेव्हा चाळिशी ओलांडलेली, चष्मा डोक्यावर चढवलेला, समोर दोन कॉम्प्युटर. एक आजचा आणि दुसरा इतका जुना की मला वाटलं, शोभेला ठेवलाय.

तिने पेनड्राइव्ह घेतला, आधी फाईलची कॉपी काढली आणि मूळ बाजूला ठेवली.

“काका, ही शेवटची नीट कधी उघडली होती? कुठल्या मशीनवर? आणि त्यानंतर कोणी कोणी हात लावला?”

डॉक्टर विचारतात तसं विचारत होती. वीस मिनिटांत फाईल उघडली. फाईलच्या नावामागचं तीन अक्षरांचं शेपूट कुणीतरी चुकून बदललं होतं, एवढंच. मला वाटलं, यात काय मोठंसं? पुढे मी प्रूफं घेऊन तिच्याकडे नेमाने जायला लागलो, आणि ‘एवढंच’ हा शब्द हळूहळू माझ्या तोंडातून गेला.

नम्रताचे वडील कोंडीराम लोअर परळच्या एका गिरणीत फोल्डिंग खात्यात होते. तयार कापडाच्या ताग्यांवर गिरणीचा छाप मारायचं काम. लाकडी ठशांवर अक्षरं उलटी कोरलेली असतात. झिजलेले, टाकून द्यायचे ठसे ते घरी आणत आणि पोरीने सुलटी अक्षरं पाटीवर गिरवली तशीच उलटी अक्षरं ठशांवर बोट फिरवून गिरवली. पहिलीत असताना ती अख्खं पान आरशातल्यासारखं उलटं लिहून दाखवायची आणि त्याबद्दल बाईंचा मारही खायची. आई कौसल्या एका इस्पितळात आया होती. खोली दहा बाय बाराची. एका भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब, आणि त्यांच्याशेजारी छताला टेकतील एवढी पुस्तकं. “घरात भांडी कमी नि पुस्तकं जास्त,” असं नम्रता हसत सांगते. बारावीनंतर तिने नायगावला डीटीपीचा क्लास केला, लालबागच्या एका प्रेसमध्ये लागली आणि तिथे पंधरा वर्षं काढली. प्रेस बंद झाला तेव्हा मालकाने विचारलं, तुला आठवण म्हणून काय देऊ? तिने कोपऱ्यातला तो जुना कॉम्प्युटर मागितला. मालकाला वाटलं, बाई वेडी आहे.

हा कॉम्प्युटर आजही चालतो. त्याला सीडी लावायची खाच आहे, फ्लॉपीचीही आहे.

आता मूळ गोष्ट. दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात मी दुकानात बसलो होतो, तेव्हा वरळी कोळीवाड्यातल्या दोघी आल्या. एक तेजस्वी, विशीतली, फिजिओथेरपी शिकणारी. दुसरी तिची आजी सोनूबाई, पंचाहत्तरीची, अजून रोज बाजारात पाटी घेऊन बसणारी. आजीने पिशवीतून रेशमी खण काढला. खणात प्लॅस्टिकचं पाकीट आणि पाकिटात सीडी. तिच्यावर हळदकुंकवाची पुटं चढलेली.

“देव्हाऱ्यात होती,” तेजस्वी ओशाळून म्हणाली. “आजी दर दसऱ्याला पूजते. होडीबरोबर, जाळ्याबरोबर.”

“मग? हत्यार नाय ते?” सोनूबाई म्हणाली. “माज्या घोवाची सगळी विद्या हाय त्याच्यात.”

तिचा नवरा हरेश्वर. साठ वर्षं समुद्रावर गेलेला, अंगठेबहाद्दर. वीसेक वर्षांपूर्वी अक्षता नावाची एक कॉलेजची मुलगी अभ्यासासाठी त्यांच्याकडे यायची. पंधरा-सोळा दिवस ती त्याच्यासमोर बसली आणि समुद्राच्या तळाबद्दल तो जे बोलला ते सगळं तिने लिहून घेतलं. मग टाईप करून, सीडीत घालून, आठवणीने घरी आणून दिलं. पुढे ती परदेशी गेली, तिचा पत्ता कुणाला नव्हता. हरेश्वरही गेला. घरात कॉम्प्युटर आला तोवर सीडी वाचली जाईना. तेजस्वीने दोन-तीन ठिकाणी दाखवली. एकाने सांगितलं, फेकून द्या.

नम्रताने सीडी कडेने धरून उजेडात फिरवली. “कुंकू कुठल्या बाजूला लावता, आजी?”

“चकचकीत बाजू वर. आरशासारखी दिसते ती.”

“वाचलो!” नम्रता म्हणाली. “सगळं लिखाण नाव लिहितात त्या बाजूला, अगदी वरच्या सालीखाली असतं. तिकडे कुंकू सुकलं असतं आणि कुणी खरवडलं असतं, तर सालीबरोबर सगळं निघून आलं असतं.”

शुद्ध पाणी, मऊ कापड, आणि मधून कडेकडे सरळ पुसत जायचं. गोल पुसायचं नाही, कारण मजकूर गोल फिरत लिहिलेला असतो. गोल ओरखडा पडला तर ओळच्या ओळ जाते, आडवा पडला तर एखादं अक्षर. हे ती पुसता पुसता सांगत होती आणि सोनूबाई मान डोलवत होती, जणू पापलेट कसं साफ करावं याची चर्चा चाललीय. कुंकू निघालं. खाली एक खोल ओरखडा दिसला. नम्रताने तो उजेडात धरून पाहिला आणि सीडी जुन्या कॉम्प्युटरच्या खाचेत सरकवली.

जुन्या कॉम्प्युटरने सीडी तीन दिवस वाचली. घरघरायचा, थांबायचा, पुन्हा त्याच जागी येऊन प्रयत्न करायचा. नम्रताने त्याला सांगून ठेवलं होतं, वाचता येईल तेवढं उचल, न येईल तिथे शून्य ठेव आणि पुढे जा. चौथ्या दिवशी साधारण साठ पानांची एक फाईल हाती आली. ती उघडायला गेलो, तर पडद्यावर एक चौकट : फाईल खराब आहे.

“संपलं?” मी विचारलं.

“कशाला? खराब आहे असं तो प्रोग्राम म्हणतोय. त्याला पहिल्या ओळीत स्वतःची खूण लागते. पहिलाच तुकडा ओरखड्यात गेलाय, म्हणून तो ओळख देत नाहीये. आपण मागच्या दाराने जाऊ.”

तिने फाईल वेगळ्याच प्रोग्राममध्ये टाकली, आणि मी जन्मात पहिल्यांदा फाईल आतून पाहिली. आकड्यांच्या जोड्या, ओळीमागून ओळी. सुरुवातीला नुसती शून्यं. मग एकाएकी शून्यं संपली आणि दाट वस्ती लागली. उजव्या बाजूला त्याच आकड्यांची अक्षरं : इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, कंस, डोक्यावर टिंब असलेली परदेशी अक्षरं, कशाचा कशाला मेळ नाही. पण अधूनमधून पूर्णविराम होते. त्या कचऱ्यात वाक्यं होती! दोन तपांहून थोड्या कमी वर्षांपूर्वी एक माणूस बोलला होता, आणि कुणी उघडो न उघडो, त्याचा शब्द न शब्द तिथे आपल्या जागी बसून होता.

“त्या वेळचे मराठी फॉन्ट असेच,” नम्रता म्हणाली. “कॉम्प्युटरला मराठी ठाऊकच नसायचं. तो इंग्रजी खुणा लक्षात ठेवायचा आणि फॉन्ट त्यांच्यावर मराठीचा मुखवटा चढवायचा. फॉन्ट हरवला की मुखवटा गेला.”

फॉन्टचं नाव फाईलच्या शेवटाला सापडलं; फॉन्ट मात्र कुठेच सापडेना. कुठल्यातरी क्लासवाल्याने स्वतःपुरता बनवलेला असावा. इंटरनेटवर जुनी मराठी नव्यात बदलून देणारे प्रोग्राम आहेत. तिने पाच वापरून पाहिले, पाचांनी पाच वेगळे कचरे दिले.

“मग हाताने वाचू,” ती म्हणाली. वही उघडली आणि कामाला लागली.

मराठीत सगळ्यात जास्त वेळा काय येतं? काना. नम्रताने कुठली खूण सर्वांत जास्त आलीय ते मोजून काढलं आणि तिच्यापुढे काना लिहिला. पुढे अडलं. मी म्हटलं, “वाक्य संपतं तिथे बघ. प्रत्येक दुसरं वाक्य ‘आहे’ने संपत असणार.” प्रूफं वाचणाऱ्याचा अनुभव तो! बघितलं तर खरंच, पूर्णविरामाआधी पुन्हा पुन्हा त्याच चार खुणा येत होत्या. अ, काना, ह, मात्रा. चारच होतात. मी खूश झालो.

पण नम्रता पेन्सिल चावत बसली होती. “जुळत नाही, काका. ह्यात दुसरी आणि चौथी खूण एकच आहे. दोन्ही काने. ‘आहे’मध्ये दोन काने कुठे?”

मी दोनदा तपासलं. बरोबर होतं तिचं. आम्ही दोघं पडद्याकडे बघत राहिलो. बाहेर कुणीतरी आधार कार्डाची झेरॉक्स मागायला आलं, तिने ती काढून दिली, परत बसली आणि बसता बसताच ओरडली.

“काका! तो ‘आहे’ कशाला म्हणेल? तो कोळी आहे. तो ‘हाय’ म्हणणार! ह, काना, अर्धा य, आणि य पुरा करायला पुन्हा काना!”

चाळीस वर्षं मी लोकांचं ‘हाय’ खोडून ‘आहे’ केलं होतं. त्या अक्षता नावाच्या मुलीने ते केलं नव्हतं. म्हातारा बोलला तस्संच तिने लिहिलं होतं, आणि म्हणून कुलूप उघडलं.

त्यानंतर खुणा एकेक करून बोलायला लागल्या. ‘हाय’मधून ह मिळाला, य मिळाला. ‘नाय’मधून न. ‘पानी’ वीसदा येत होतं, त्याने प दिला. आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप केलेली असते हे तिला सवयीने माहीत होतं. तिसऱ्या दिवशी तिला वहीकडे बघायची गरज उरली नव्हती. पडद्यावर तो कचरा आणि नम्रता तो सरळ मोठ्याने वाचतेय, मध्ये न अडखळता. मी शेजारी बसून टाईप करतोय. कॉम्प्युटरलासुद्धा जे वाचता येत नव्हतं ते ही बाई चहा पीत पीत वाचत होती. मी तिच्याकडे बघत राहिलो की ती म्हणायची, “काका, हात चालू द्या.”

आणि काय होतं त्यात! किनाऱ्यापासून आत, हरेश्वरने समुद्राचा सगळा तळ सांगितला होता. आपल्याला वरून जे एकसारखं राखाडी पाणी दिसतं, त्याच्याखाली त्याच्या लेखी गावं होती, गल्ल्या होत्या. म्हातारीचा कातळ. जावाजावांचं खडप, म्हणजे पाण्याखालचा खडकाळ तुकडा. मऊ चिखलाचा पट्टा, जिथे बोंबील येतात. शिंपल्यांची वाळू, जिथे जाळं लवकर झिजतं. प्रत्येक जागेची खोली वावात, म्हणजे दोन हात पसरले की जेवढं अंतर तेवढ्या मापात. आणि ती जागा पाण्यावर शोधायची कशी, तर जमिनीवरच्या दोन खुणा एका रेषेत आणून. एक खूण किनाऱ्याची, एक लांबची. अशा दोन रेषा जिथे छेदतील ती जागा.

तिथे आम्ही पुन्हा अडलो, पण वेगळ्या तऱ्हेने. नम्रताने एक वाक्य वाचलं आणि वाचता वाचता थांबली.

“‘बुरुजाच्या कोपऱ्यावर जाडी चिमणी चढली का खाली तीन वावावर म्हातारीचा कातळ हाय. तीन चिमण्या वळीत, मधली जाडी, तिच्या गळ्याला लोखंडाचा पट्टा.’”

बुरूज वरळीच्या किल्ल्याचा. आणि चिमण्या गिरण्यांच्या. समुद्रावरचे लोक लोअर परळच्या चिमण्या बघून आपली वाट ठरवत होते!

नम्रताने पडद्यावरचं पान छापलं आणि दुकान बंद करून घरी निघाली. मीही गेलो. कोंडीराम त्र्याऐंशी वर्षांचे, खुर्चीत पेपर घेऊन बसलेले. तिने वाक्य वाचून दाखवलं. म्हाताऱ्याने पेपर खाली ठेवला.

“परत वाच.”

तिने परत वाचलं.

“ती आमची,” कोंडीराम म्हणाले. “पट्टा आमच्याच चिमणीला. वीज पडून तडा गेला, तेव्हा बांधला. मी नवीन लागलेलो.” “आम्ही खाली छाप मारत होतो, नि तिकडे पाण्यात कोण आमच्याकडे बघत होतं? काय सांगतेस काय, नमू!”

चिमणी पडून कितीतरी वर्षं झाली होती. तिथे आता टॉवर आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी कोंडीराम लेकीचा हात धरून टॅक्सीने गेले आणि गिरणीची कुठली भिंत कुठे होती ते सांगत सांगत एका टॉवरच्या फाटकापाशी थांबले. काठी टेकवून म्हणाले, “इथं.” वॉचमन बघतच राहिला.

त्या आठवड्यात सोनूबाईचा पुतण्या हितेश आम्हाला आपल्या होडीतून घेऊन गेला. नम्रता, तेजस्वी, सोनूबाई आणि मी. नम्रताचा सगळा जन्म समुद्रापासून फार तर अर्ध्या तासावर गेलेला, पण होडीत ती पहिल्यांदाच बसत होती. तिने कडेची फळी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. सकाळचं स्वच्छ ऊन. मागे वळून पाहिलं तर मुंबई एवढीशी झालेली.

“तो,” नम्रता बोट दाखवून म्हणाली. “दोन सारख्या टॉवरांच्या डावीकडचा, निळ्या काचांचा. चिमणी तिथे.”

हितेशने मान हलवली. त्याच्याकडे मोबाईलमध्ये नकाशा असतो, तो ह्या खुणा वापरत नाही. इथे कुठेतरी जाळी फाटतात एवढं त्याला ठाऊक होतं. कुठे ते नेमकं कळत नव्हतं. त्याने इंजिन मंद केलं आणि होडी तिरकी सरकवत नेली. बुरुजाचा कोपरा सरकत सरकत त्या निळ्या टॉवराला येऊन टेकला. हरेश्वरने सांगितलेली उत्तरेकडची दुसरी रेषाही जुळली. त्याने दोरीला बांधलेलं शिसं पाण्यात सोडलं. दोरी हातातून सरसर गेली. सात वाव. चिखल.

“नाय लागला,” तो म्हणाला.

“जरा पुढे घे,” सोनूबाई म्हणाली. “कोपऱ्यावर चढली का, असं बोललाय तो. कोपऱ्याशेजारी नाय. वर चढू दे.”

होडी आणखी थोडी सरकली. टॉवर बुरुजाच्या बरोब्बर माथ्यावर बसला. हितेशने शिसं पुन्हा सोडलं. तीन वाव, आणि ठक्. दोरी सैल पडली. त्याने ती उचलली, पुन्हा टाकली. ठक्. खाली काळ्या पाण्यात म्हातारीचा कातळ होता, सांगितला होता तिथे, तेवढ्याच पाण्याखाली.

हितेशने डोक्यावरची टोपी काढली. नम्रताने फळी सोडून दिली होती, हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं. ती खाली वाकून पाण्यात बघत होती, जणू तिथेही काही वाचता येईल. सोनूबाईने ओंजळभर पाणी घेतलं आणि पुन्हा समुद्रात सोडलं.

फाईलच्या मधली आणखी चार पानं गेली ती गेलीच. ओरखड्याखाली शून्यंच होती, आणि शून्यांतून नम्रताही काही काढू शकत नाही. तिने सोनूबाईला तसं सरळ सांगितलं.

“काय होतं तिथं?” सोनूबाईने विचारलं.

“थंडीतल्या मासळीचं सुरू होतं. मध्येच तुटतं.”

“थंडीतली?” सोनूबाई हसली. “ती त्याला काय ठाऊक? तो आणायचा, विकलीय मी. कुठल्या भरतीला काय येतं ते मना ठाऊक. आणि ते जावाजावांचं खडप त्याने चुकीचं सांगितलंय, ते पण लिही.”

आता ती सोमवारी, बाजार आटोपल्यावर येते. झेरॉक्स मशीनशेजारच्या स्टुलावर बसून सांगते, नम्रता टाईप करते, आणि ‘हाय’ला कुणी हात लावत नाही. परवा सोनूबाईने मध्येच थांबून विचारलं, “हे किती वर्षं उघडेल गं?”

नम्रता खोटं बोलत नाही. “सांगता येत नाही, आजी. म्हणून तीन ठिकाणी ठेवते आणि कागदावर पण छापते.”

“बरं. मग आता चिखलातल्या निवट्यांचं घे,” सोनूबाई म्हणाली आणि पदर सावरून पुढे सांगायला लागली.